स्लॅबखालचा मे महिना

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीत एक दिवस असा येतो, की दुपारी साडेबाराच्या सुमाराला उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखालीच गडप होते. सांगलीला हा शून्य सावलीचा दिवस ७-८ मेच्या आगेमागे येतो, साताऱ्याला आणखी तीन-चार दिवसांनी. शाळेतली पोरं अंगणात बाटली उभी करून त्याची मजा बघतात. घर बांधणाऱ्यानेही ती बघावी. त्या घटकेला घराच्या चारही भिंतींवर थेट ऊन जवळजवळ नसतंच, सगळं छतावर असतं. निरभ्र आभाळातून चौरस मीटरमागे नऊशे वॉटच्या आसपास उष्णता खाली येते. पंतप्रधान आवास योजनेतलं २५ चौरस मीटरचं घरकुल धरलं, तर हिशेब वीस-बावीस कॉइलच्या शेगड्यांचा होतो. शेगड्या पेटलेल्या, आणि त्यांच्याखाली पाच इंचांचा स्लॅब, नाहीतर नुसता पत्रा.

निसर्गाला धरून असलेलं घर कसं बांधावं, ही चर्चा आपल्याकडे निघाली की ती बहुतेक वेळा भिंतींवर येऊन थांबते. भिंत मातीची की विटांची, जांभ्याची की एएसी ब्लॉकची? सातारा-सांगलीपुरतं मला उलट वाटतं. इथे आधी छताचा प्रश्न आहे, मग पश्चिमेच्या भिंतीचा, मग रात्री उघड्या राहू शकणाऱ्या खिडकीचा. भिंत कशाची, हा वाद त्यानंतर निवांत घालावा.

आधी हवामानाचं बघू, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. ‘उष्ण आणि दमट प्रदेशातलं घर’ हा शब्दप्रयोग पुस्तकांत सर्रास भेटतो. तो कोकणाला, केरळला नेमका बसतो. आपल्याकडे ‘उष्ण’ आणि ‘दमट’ हे एका वेळी घरात राहत नाहीत. मार्च ते मे कोरडी आग असते आणि जून ते सप्टेंबर ओल असते, पण उकाडा फारसा नसतो. दोघांची गाठ पडते ती पहिल्या वळवानंतरच्या दिवसांत आणि ऑक्टोबरच्या उन्हात. त्यात या दोन जिल्ह्यांचा भूगोल विक्षिप्त. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. पाटण, जावळी, शिराळा एका टोकाला. माण, आटपाडी, जत दुसऱ्या टोकाला. मधे कृष्णेचा ऊसपट्टा. यांना एकच आदर्श नकाशा देणारा माणूस एक तर फार हुशार असावा, नाहीतर तो इथे कधी राहिलेला नसावा.

कोरडेपणाचा पुरावा हवा असेल तर तासगाव-कवठेमहांकाळकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं. बेदाण्याची शेडं म्हणजे काय, तर वर सावली, बाजूंना जाळी, आत रॅकवर पसरलेली द्राक्षं आणि आरपार वाहणारा वारा. ऊन लागू न देता दोनेक आठवड्यांत द्राक्षाचा बेदाणा होतो. इतकं पाणी हवा पिऊन टाकते. याच कारणाने एप्रिलमध्ये तिथे साधा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर झकास काम करतो आणि सप्टेंबरमध्ये तोच कूलर खोलीचं स्नानगृह करतो. द्राक्ष बागायतदाराला जे शेड बांधताना नेमकं कळतं, ते घर बांधताना तो विसरतो. आपल्या मालाला तो सावली आणि वारा देतो, स्वतःला मात्र पश्चिमेकडे तोंड करून काचेचा दर्शनी भाग.

जुन्या घरांनी हे कसं सोडवलं होतं? पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यात धाब्याचं घर, म्हणजे माळवद. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचा, त्यावर पाला, चिखल आणि सगळ्यात वर गावपांढरीची चोपलेली माती. असा फूट-दीड फुटाचा थर. भिंतीही पांढरीच्याच, दोन-अडीच फूट जाड. अशा छतावर दुपारी पडलेलं ऊन आत उतरायला नऊ-दहा तास लागतात. तोवर रात्र झालेली असते, बाहेर हवा गार पडलेली असते आणि घरची माणसं माळवदावर वाकळ टाकून झोपलेली असतात. छताला ठेवलेल्या सवण्यातून उजेड यायचा, धूर आणि गरम हवा बाहेर जायची. पाऊस आला की त्यावर झाकण ठेवायचं. खणांत मोजलेलं, पुढे सोपा, मधे माजघर, मागे परसू असलेलं हे घर कुणा वास्तुविशारदाने आखलेलं नव्हतं. पण दिवसा बंद ठेवायचं आणि रात्री उघडायचं, हा कोरड्या उन्हाळ्याचा नियम ते तंतोतंत पाळत होतं.

श्रीमंतांकडे हेच मोठ्या मापात झालं. वाईजवळ मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा अनेक चौकांचा वाडा आहे. चौकाचं काम केवळ उजेडाचं नाही. रात्री आभाळाकडे तोंड असलेली फरशी थंड होते, गार हवा चौकात साचते आणि सकाळी भोवतालच्या ओसऱ्यांना ती दहा-अकरापर्यंत पुरते. साताऱ्याजवळच्या लिंबमधली बारा मोटेची विहीर तर याहून पुढची पायरी. विरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधलेल्या या विहिरीच्या पोटातच दगडी महाल आहे. जमिनीत काही मीटर खाली गेलं की तापमान वर्षभराच्या सरासरीच्या आसपास स्थिर राहतं, आपल्याकडे पंचविशीच्या जवळपास. खाली पाणी, भोवती दगड, वर सावली. मे महिन्यात तिथून वर यायला पाय कुरकुरतात, हे जाऊन आलेला कुणीही सांगेल.

जमिनीच्या पोटातल्या त्याच स्थिरपणाचा व्यापारी उपयोग सांगलीजवळच्या हरिपूरने केला. हळदीची पेवं. एरवी पेव म्हटलं की आपल्याला धान्य आठवतं. हरिपूरच्या विशिष्ट मातीत खोल खणलेल्या, आतून शेणाने लिंपून पाचट अंथरलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. आत प्राणवायू जवळजवळ नसायचा, म्हणून तोंड उघडल्यावर काही वेळ थांबूनच माणूस आत उतरायचा. विजेचं एक युनिट न लागणारं हे गोदाम. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्यांचा वापर फार ओसरला. शीतगृहं त्याआधीच वाढू लागली होती.

इथपर्यंत वाचून ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. तीव्रता ६.३ च्या आसपास, मृत्यू पावणेदोनशेच्या वर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला सुमारे आठ हजार माणसं गेली. मारणारी वस्तू दोन्हीकडे घरच होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि, किल्लारीला विशेषतः, डोक्यावर टनावारी माती. जे वजन उन्हाला अडवत होतं, तेच अंगावर आलं. त्यानंतर माणसांनी माळवदाकडे पाठ फिरवली, त्यात अडाणीपणा काही नव्हता. कोयनेचा परिसर आजही भूकंपाच्या दृष्टीने जोखमीच्या पट्ट्यात मोडतो. पाटणला मातीचं घर बांधायचंच असेल, तर जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग बांधणीचे पट्टे हवेत, कोपरे बांधलेले हवेत आणि छत हलकं हवं. मातीच्या इमारतींसाठी भारतीय मानक आहे, १३८२७ क्रमांकाचं, आणि ते १९९३ चंच आहे. मातीच्या घरांची सुंदर छायाचित्रं पुष्कळ दिसतात. त्यांत हे पट्टे आहेत का, ते बघायची सवय लावून घ्यावी.

दुसरी गोष्ट बोलायला कुणी फारसं तयार नसतं. माळवद दर पावसाळ्याआधी चोपावं लागायचं, भिंती पोतेऱ्याने सारवाव्या लागायच्या, जमीन आठ-पंधरा दिवसांनी सारवावी लागायची. हे गारव्याचं बिल होतं आणि ते बहुतांशी बायका भरत होत्या. फरशी आली तेव्हा घर तापलं असेल, पण कुणाच्या तरी गुडघ्यांना आराम पडला. आज शहरातून येऊन शेतघर बांधणारे मातीची भिंत हौसेने घेतात आणि सारवायला गावातली बाई शोधतात. त्या बाईच्या स्वतःच्या घरावर पत्रा असतो.

तर स्लॅब आला, तो या सगळ्या भीतीवर आणि कष्टांवर उतारा म्हणून आला. चोर नाही, विंचू नाही, गळती नाही (निदान पहिली काही वर्षं), वर उद्या मजला चढवता येतो, मुलाचं लग्न जमतं. हे फायदे खरे आहेत. फक्त ऊन खाली उतरायला स्लॅबला तीन-चार तास पुरतात. दुपारी एकचं ऊन संध्याकाळी पाचला छताच्या पोटातून खाली येऊ लागतं आणि जेवणं झाली तरी थांबत नाही. रात्री नऊला खुर्चीवर उभं राहून छताला तळहात लावून पाहावा. पंखा त्याच छताला टांगलेला असतो आणि तो छताखालची ऊन हवा इमानाने माणसांवर ढकलत राहतो. पत्र्याचं दुःख वेगळं. पत्रा दिवसा तव्यासारखा तापतो, पण रात्री चटकन निवतो. म्हणून माण-जतकडे पत्र्याखाली राहणारी माणसं दिवसाची लिंबाखाली आणि रात्रीची घरात असतात, तर सांगलीच्या कॉलनीत स्लॅबखाली राहणारी दिवसा घरात आणि रात्री गच्चीवर. ऊसतोडणी कामगारांची पाचटाची कोपी या दोन्हींहून गार असते, हे कारखान्याच्या तळावर जाऊन आलेल्याला माहीत आहे. मात्र तिच्यात ठिणगीची धास्ती असते, आणि आता पाचटाच्या जागी प्लॅस्टिकचा कागद दिसू लागला आहे, म्हणजे तेवढा एक गुणही गेला.

मग आज काय करता येतं? लॉरी बेकरांचं नाव या चर्चेत पहिलं निघतं आणि ते रास्तच आहे. १९१७ ला इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस २००७ मध्ये तिरुवनंतपुरमला वारला तोवर त्याने केरळात अगणित स्वस्त आणि देखणी घरं उभी केली. त्याच्या दोन युक्त्या आपल्याकडे जशाच्या तशा चालतात. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचल्या की भिंतीच्या पोटात पोकळी राहते, विटा वीस-पंचवीस टक्के कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. याला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. दुसरी, फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट भार पेलायच्या कामात फारसं नसतं, तिथे मंगळोरी कौलं घालायची. काँक्रीट वाचतं, ऊनही थोडं अडतं. कृष्णा-कोयनेकाठी सुपीक पोयटा भट्टीत जातो आहे, अशा मुलखात प्रत्येक वाचलेली वीट मोलाची.

बेकरांची तिसरी युक्ती, भिंतभर विटांची जाळी, ही मात्र जपून घ्यावी. केरळात हवा दमट आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फरक थोडा, म्हणून घर चोवीस तास उघडं राहिलेलं चांगलं. तासगावला एप्रिलमध्ये दुपारी दोनला जाळी म्हणजे चाळिशीला टेकलेल्या वाऱ्याला आणि धुळीला आमंत्रण. तिथे दुपारी घट्ट बंद होणारं आणि रात्री सताड उघडणारं घर हवं. जाळी पाटणला, शिराळ्याला, फार तर जिन्याला.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये इको-निवास संहिता आणली. तिच्यातले दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. छतातून किती उष्णता झिरपावी याची कमाल मर्यादा १.२ वॉट, दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला. उघड्या स्लॅबचा आकडा याच्या तिपटीच्या घरात जातो. दुसरा आकडा खिडक्यांचा: दमट प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश, उष्ण-कोरड्या प्रदेशात एक दशांश. इथे ‘उघडणाऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा. सध्या सगळीकडे बसणारी सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी अर्धीच उघडते. सहा फूट खिडकीचे पैसे देऊन तीन फूट वारा घरात येतो. जुनी दोन पाखांची, गज लावलेली लाकडी खिडकी पूर्ण उघडायची. ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे, म्हणजे विटा, पलूस, कोरेगावातलं नेहमीचं घर तिच्या कक्षेत येत नाही. पण आकडे वापरायला बंदी थोडीच आहे?

छताचे उपाय महागडेच असतात, हा एक गैरसमज. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारला तरी स्लॅबखालची खोली दोन ते पाच अंशांनी सुसह्य होते. दर उन्हाळ्याआधी तो पुन्हा द्यावा लागतो, एवढंच. टिकाऊ हवं तर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक. पश्चिम महाराष्ट्रातल्या गवंड्यांच्या हातात असलेला वीटतुकड्यांचा कोबा गळतीसाठी घालतात, पण तो उन्हालाही थोडा रोखतो. त्यावर पांढरा थर दिला की काम दुप्पट. अडवणूक नेहमी स्लॅबच्या वरून करावी. खालून पीओपीचं छत लावलं तर तापलेला स्लॅब वर तसाच राहतो आणि रात्री गार होऊ शकणारं आपलं वजनदार काँक्रीट खोलीपासून तुटतं. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. महाराष्ट्रातही जिल्हा पातळीवर उष्णतेचे आराखडे होतात, त्यांत पाणपोया आणि दवाखान्यांची तयारी असते; चुन्याच्या पोत्याला फारशी जागा मिळत नाही.

पश्चिमेचं गणित जरा वाकडं आहे. उन्हाळ्यात तिसऱ्या प्रहरानंतर सुखाचा वारा पश्चिमेकडून येतो, आणि सगळ्यात त्रासदायक तिरपं ऊनही तिकडूनच. सज्जा ते अडवू शकत नाही, कारण सूर्य सज्ज्याच्या खालून डोकावतो. बंद केलं तर वारा गेला, उघडं ठेवलं तर भिंत तापली. यावर जुना तोडगाच अजून उत्तम आहे: पश्चिमेला राहती खोली द्यायचीच नाही, पडवी, जिना, न्हाणीघर द्यायचं, आणि पुढे कडुनिंब. लिंबाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडावर होते आणि एप्रिलमध्ये तो पुन्हा हिरवागार झालेला असतो. इतका वक्तशीर कंत्राटदार मला तरी भेटलेला नाही. एएसी ब्लॉक वापरायचेच असतील तर ते या भिंतीत वापरावेत. ते उष्णता चांगली अडवतात, पण हलके असल्याने रात्रीचा गारवा साठवत नाहीत. सगळं घर त्यांचं करायचं ते एसी लावणार असाल तर.

रात्रीची खिडकी हा विषय वास्तुशास्त्राचा कमी आणि डासांचा, चोरांचा जास्त आहे. तळमजल्यावर राहणारी माणसं रात्री खिडक्या लावून झोपतात, मग कितीही शास्त्रशुद्ध घर असो. छताखाली उंचावर जाळी आणि गज बसवलेला लांबट झरोका ठेवला की खालची खिडकी बंद असूनही गरम हवा निघून जाते. खर्च एका खिडकीहून कमी.

सांगलीत मात्र उन्हाआधी नदीला विचारावं लागतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५५ च्या आसपास. पाणी आठवडाभर घरात उभं राहिलं की मातीची भिंत बसते, प्लायवूड फुगतं, जिप्समचा लगदा होतो. पलूस, वाळवा, मिरजेच्या नदीकाठच्या गावांत मातीच्या घराचा आग्रह धरणं हा अपराध आहे. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण २००५, २०१९, २०२१ ही सालं समोर ठेवली तर या वर्षांची मोजणी नदीला मान्य दिसत नाही. इथे खालचा मजला दगडाचा किंवा पक्क्या भाजलेल्या विटांचा, धुऊन पुन्हा वापरता येईल असा हवा. विजेची बटणं उंच हवीत, आणि गच्चीवर जायला जिना आतून हवा, कारण बाहेरचा जिना पाण्यात जातो. गच्चीवर सावलीचं छप्पर असेल तर मे महिन्यात स्लॅब वाचतो आणि ऑगस्टमध्ये माणसं.

महाबळेश्वर-पाचगणीचं प्रकरण थोडक्यात. तिथे उकाड्याची चिंता नाही, चिंता भिंतीच्या ओलीची. पावसाआधी भिंतींना गवताच्या झड्या बांधायची रीत, उतरतं छप्पर, लांब वळचणी आणि जांभ्याच्या भिंती हे तिथलं शहाणपण. तिथल्या टेकडीवर सांगलीच्या कॉलनीतला सपाट स्लॅब आणि बिनसज्ज्याची काच बघितली की भिंतीवरची बुरशी मालकापेक्षा आधी राहायला येणार हे कळतं.

विजेच्या बाजूला पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने मोठं काम केलं. शंभरेक घरांचं हे गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झालं. सौर पॅनेलचा एक गुण जाहिरातीत येत नाही: ती छताला सावली करतात. स्लॅबपासून हातभर उंच बसवली आणि खालून वारा खेळू दिला, तर वीज आणि गारवा दोन्ही मिळतं. अगदी छताला चिकटवून बसवली तर पॅनेलही तापतं आणि वीजही घटते. दुष्काळी पट्ट्यात हेच छप्पर पाणीही देऊ शकतं. शंभर चौरस मीटर गच्चीवर पाचशे मिलीमीटर पाऊस म्हणजे पन्नास हजार लिटर. वाया जाणारं सोडलं तरी चाळीसेक हजार हाती लागतात. माणमध्ये टँकरची वाट पाहिलेल्या घराला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता पुन्हा त्या २५ चौरस मीटरच्या घरकुलाकडे. या दोन जिल्ह्यांत नव्याने बांधली जाणारी सगळ्यात गरजू घरं तीच आहेत आणि पर्यावरणपूरक घरांच्या लेखांत त्यांचा उल्लेख क्वचित येतो. योजनेचं मूळ अनुदान सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये. त्यात जोतं, भिंती आणि छत उभं करता करता कुटुंब उसनवारीवर येतं. चुन्याचा हात, एक झरोका, पश्चिमेला पडवीसाठी चार बांबू यांना फार पैसे लागत नाहीत, पण ते कुणाच्या यादीतही नसतात. हप्ते टप्प्याटप्प्याने मिळतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो जिओटॅग करून चढवावा लागतो. शेवटच्या फोटोसाठी पुढची भिंत रंगवतात, दाराला तोरण लावतात, घरची माणसं नवे कपडे घालून उंबऱ्यात उभी राहतात. फोटो समोरून काढतात, त्यात छत येत नाही.